पानावरची पिवळी वर्तुळं

१

"आजोबा, आमच्या व्हायोलेटना विष तुम्ही घातलंत का?"

खरं सांगते, हा प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या मैत्रिणींचा, झुहुरा आणि मवानाशाचा होता. सगळं गाव जे पाठीमागे कुजबुजतंय ते शेकिगेंदा म्हाताऱ्याला तोंडावर विचारायची कुणाची छाती नाही, आणि सिकुधानीची तर नाहीच नाही, अशी पैज दोघींनी शाळेतून परतताना लावली. सिकुधानी म्हणजे मी. मागच्या वर्षापर्यंत मी शेवटच्या बाकावर बसून हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे. या सत्रात मात्र वादविवाद स्पर्धेत मी आमच्या मॉनिटरला भर सभागृहात गप्प केलं, आणि तेव्हापासून माझा आवाज मलाच फार आवडायला लागलाय. तर मी गेले. त्या दोघी केळीच्या बेटाआड लपल्या आणि त्यांचं खिदळणं मला ओट्यापर्यंत ऐकू येत होतं.

शेकिगेंदा आजोबा ओट्यावर बसून वेलदोडे निवडत होते. शेजारी टोमॅटोवर औषध मारायचा पंप उभा होता, साक्षीदारासारखा. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "शिकामू म्हणायची राहिलीस."

माझे कान तापले. गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला आदराचा नमस्कार न करता मी थेट विषावर आले होते. मी शिकामू म्हटलं, त्यांनी मराहबा म्हणून तो स्वीकारला, आणि मग जणू मी आताच आले आहे अशा थाटात पुढचा वेलदोडा उचलला.

"नाही घातलं," ते म्हणाले. "पण तुझ्या आईच्या त्या प्लास्टिकच्या घरात कोण जातं ते मी पाहिलंय."

केळीआडचं खिदळणं थांबलं.

"कोण?"

"ते माझ्या तोंडून निघणार नाही. जाणारं माणूस वाईट करायला जात नाही, एवढं सांगतो."

"आजोबा, शुक्रवारी बैठक आहे. तुमची पाण्याची पाळी काढून घेतील."

"काढू देत." त्यांनी एक किडका वेलदोडा अंगणात भिरकावला. "तुला खरंच शोधायचं असेल तर माणसांच्या तोंडाकडे बघू नकोस. पानाकडे बघ. पान कुणाच्या बाजूने बोलत नाही."

२

आता झालं काय होतं ते सांगते.

जगभरच्या लोकांच्या खिडक्यांत जी आफ्रिकन व्हायोलेट बसलेली असतात, ती मुळात आमच्या उसांबाराच्या डोंगरातली. जंगलातल्या ओल्या कपारींत ती कुणी न लावता उगवतात. माझ्या आईने गावातल्या बायकांचा गट काढला, जंगलातल्या झाडांना हात न लावता पानांपासून रोपं तयार केली, आणि मातीच्या कुंड्यांतली ती रोपं आता मुहेझाच्या बाजारात आणि पाहुण्यांच्या लॉजांवर जातात. माझी फी त्यातून भरली जाते. बांबूच्या सांगाड्यावर प्लास्टिक ताणलेलं त्यांचं घर आमच्या घरामागेच आहे. आतल्या मांडण्या बाबांनी केल्या. बाबा सुतार आहेत, आणि दिवसातून जेवढे खिळे ठोकतात तेवढेही शब्द बोलत नाहीत.

भांडण सुरू झालं पाटावरून. कोरड्या दिवसांत वरच्या झऱ्यातून येणाऱ्या पाटाला पाणी कमी होतं. आईने एकदा आपली पाळी नसताना पाणी वळवलं. शेकिगेंदा आजोबांनी दगड घालून ते परत फिरवलं. आईने त्यांना सगळ्यांसमोर कंजूस म्हटलं, आणि ते म्हणाले की अशा पाण्यावर वाढवलेल्या कुंड्या फार दिवस हसणार नाहीत. तिथे जमलेल्या म्हाताऱ्या बायका लगेच म्हणाल्या की हे फार तापलं, कुणीतरी थंड करायला हवं. आमच्याकडे तशी रीत आहे. दोन घरांत आग पेटली की कुणीतरी झऱ्याचं गार पाणी आणतं आणि जिथे भांडण बसलंय तिथे पानांच्या जुडीने शिंपडतं. आई म्हणाली, "थंड बिंड काही नको. मला न्याय हवाय."

त्यानंतर काही दिवसांतच पानांवर डाग दिसायला लागले. मखमली हिरव्या पानांवर पिवळट वर्तुळं, कुठे अर्धी, कुठे वेडीवाकडी रेघ. मग काही पानांचे देठ नारिंगी होऊन गळायला लागले. लॉजवाल्याने कुंड्या परत पाठवल्या. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विष हा शब्द उच्चारला, आणि आठवड्यात तो गावभर झाला.

बाबांना मी विचारलं की तुम्हाला काय वाटतं. ते हल्ली दुपारी उशिरा जेवायला येतात, पँटच्या कडा ओल्या असतात, आणि आई ओरडली तरी हसून मक्याच्या पिठाच्या वाफाळत्या उगालीचा गोळा तोंडात टाकतात. या वेळीही ते हसले आणि म्हणाले, "निवेल सगळं."

निवेल म्हणे. पाटाचं पाणी गेलं तर शेकिगेंदा आजोबांची वाफ्यांतली सगळी भाजी वाळणार होती. आणि त्यांचं खातं-पितं घर त्या वाफ्यांवरच उभं होतं.

मी ठरवलं, शुक्रवारच्या आत याचा छडा लावायचा.

३

त्याच दुपारी परत शाळेत जाऊन मी भिंग मागून आणलं. जीवशास्त्राच्या बाईंनी विचारलं की कशाला, तर मी म्हटलं, गुन्हा आहे. बाईंनी भिंगासोबत एक कंपासपेटीही दिली, पुरावे ठेवायला. मला त्या म्हणूनच आवडतात.

प्लास्टिकखाली दुपारी शिरलं की अंगाला घाम फुटतो. मी पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. पान उलटवून पाहिलं. खाली किडा नाही, जाळं नाही, कापसासारखं काही नाही. मधला कोंब पाहिला. बारीक कीड लागली की कोंबातली पानं आखडून राखाडी, केसाळ होतात असं आईनेच मला शिकवलं होतं. इथे कोंब छान उमललेले होते. म्हणजे कीड नव्हे.

मग वर्तुळं. ती फक्त वरच्या पानांवर होती. खालच्या पानाचा जेवढा भाग वरच्या पानाने झाकला होता तेवढा स्वच्छ होता, आणि उघडं टोक डागाळलेलं. जे काही पडलं होतं ते वरून पडलं होतं. आणि आमच्या बायका तर वरून पाणी घालतच नाहीत. कुंड्या बशीत ठेवतात, पाणी बशीत ओततात, माती ते खालून पिऊन घेते.

दाराजवळच्या कुंड्यांवर वर्तुळं दाट होती. आत जावं तशी विरळ होत गेली, आणि डाव्या कोपऱ्यात एकही नव्हतं. पंप फवारतो तेव्हा धुकं सगळीकडे जातं, कोपरे बघत नाही. शिवाय आजोबांचं शेत आणि आमचं प्लास्टिक यांच्या मधोमध आमचाच घेवडा आहे. त्याचं एकही पान डागाळलेलं नव्हतं.

दारापाशी, दोन कुंड्यांच्या मधे, मला एक हिरवा तुकडा सापडला. जाड, लुसलुशीत, ताजा तुटलेला. व्हायोलेटचा नव्हता. कंपासपेटीत टाकला.

आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. मी म्हटलं, "आई, शनिवारी तू सगळी डागाळलेली पानं खुडलीस ना? मग ही सोमवारी कुठून आली? शेकिगेंदा आजोबा शनिवारपासून मुलीकडे मुहेझाला होते. आज सकाळी परतले."

"विष हवेत राहतं," आई म्हणाली.

"मग घेवड्याच्या हवेत का नाही राहिलं?"

"शाळेत तुला हेच शिकवतात का, आईला उलट बोलायला?"

मी भिंग पुसून खिशात ठेवलं. पण घेवड्याचं उत्तर मिळालं नव्हतं, आणि ते तिलाही कळलं होतं.

४

संशयित आणखी एक होती. मवाजाबू ताई. ती पूर्वी आईच्या गटात होती, मग भांडून बाहेर पडली, आणि आता रस्त्याच्या वळणावर एकटीच कुंड्या मांडून बसते. आमच्या कुंड्या लॉजवरून परत आल्या त्याच दिवशी तिच्या कुंड्या आत गेल्या. आता तुम्हीच सांगा.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी तिच्यासमोर उभी राहिले. झुहुरा आणि मवानाशा या वेळी लपल्या नाहीत, कारण मवाजाबू ताईकडे तळलेल्या गोड मांदाझी मिळतात.

"आलीस?" ती म्हणाली. "म्हटलं, म्हाताऱ्याला झालं, आता माझी पाळी कधी. बस. खा. मग विचार, विष घातलं का ते."

मी मांदाझी घेतली. आरोपीच्या हातचं खाऊ नये हे मला ठाऊक आहे, पण ती गरम होती.

"तू घातलंस का?"

"मला तुमच्या घरामागे यायला वेळ असता तर मी दुसरा नवरा केला नसता का?" दोघी मैत्रिणी इतक्या हसल्या की मवानाशाला ठसका लागला. मग ताईने मी सोबत आणलेलं गळलेलं पान ओढून घेतलं आणि तिचा आवाज बदलला. "ही वर्तुळं मला ठाऊक नाहीत. माझ्या एकाही पानावर तसं नाही. पण हा देठ मला ठाऊक आहे. कुठे कुजलाय बघ."

देठ मधेच नारिंगी होता. बुडाशी नाही, टोकाशीही नाही.

"आता घरी जाऊन बघ, तो कुठे टेकलेला असतो." तिने आपली एक कुंडी माझ्यापुढे सरकवली. कुंडीच्या काठाला गुळगुळीत थर होता. मेणबत्तीचं मेण. "मी प्रत्येक कुंडीचा काठ वितळलेल्या मेणात बुडवते. का, ते तुझ्या आईला विचार. मी तिला सांगितलं होतं की खताचा चमचा सपाट घे. ती शीग लावून घेते. 'झाडं उपाशी राहतील' म्हणाली. मी म्हटलं, झाडं नाही, देठ मरतील. त्यावरून मी बाहेर."

मी धावत घरी आले. प्लास्टिकखाली वाकले, भिंग लावलं. आमच्या प्रत्येक कुंडीच्या काठावर पांढरी, खरखरीत खपली धरली होती. खालून प्यायलेलं पाणी मातीच्या काठातून वर चढून सुकतं आणि खताचं मीठ मागे ठेवतं. आणि जिथे देठ त्या खपलीवर टेकला होता, बरोबर तिथेच तो कुजला होता.

अर्धा गुन्हा सुटला होता. गुन्हेगार माझी आई होती.

५

पण वर्तुळं? ती मिठाने होत नाहीत. देठ कुजलेल्या कित्येक कुंड्यांवर वर्तुळं नव्हती, आणि वर्तुळांच्या कित्येक कुंड्यांचे देठ ठणठणीत होते. दोन वेगळी दुखणी होती. सगळ्यांनी त्यांना एकच नाव देऊन टाकलं होतं म्हणून कुणाला काही दिसत नव्हतं.

वरून काहीतरी पडतं. मागे काहीच उरत नाही, पावडर नाही, वास नाही. बायका दुपारी स्वयंपाकाला घरी जातात आणि परत येईपर्यंत पानं कोरडी असतात. काय असेल जे पडतं आणि नाहीसं होतं?

मी शेकिगेंदा आजोबांकडे गेले. या वेळी शिकामू आधी म्हटलं. मग म्हटलं की मला तुमचं टोमॅटोचं औषध थोडंसं द्या, आणि झऱ्याचं पाणी नेऊ द्या. आजोबांनी काही न विचारता औषध पाण्यात कालवून एका बाटलीत दिलं, जसं ते टोमॅटोवर मारतात अगदी तसंच. ज्याने विष घातलंय तो असं हसत हसत विष देत नाही. हा पुरावा नव्हे, पण मला बरं वाटलं.

झरा त्यांच्या शेताच्या वर, जंगलाच्या तोंडाशी आहे. पाणी इतकं गार की हात घातला की बोटांची हाडं दुखतात. खडकाच्या कपारीत जंगली व्हायोलेट होती. त्यांच्या मुळांशी तेच गार पाणी झिरपत होतं, पण कपारीचं छत पानांवर होतं. एकही थेंब पानावर पडत नव्हता आणि एकही पान डागाळलेलं नव्हतं. पाण्याच्या कडेला एक जाड पानांचं रोप वाढलं होतं. कुणीतरी त्याचे शेंडे नुकतेच खुडून नेले होते. मी कंपासपेटी उघडली. आतला तुकडा सुकला होता, तरी तोच होता.

उतरताना एक संशय मनात आला. पण मी त्याच्याकडे बघितलं नाही. आधी पान.

प्लास्टिकखाली उकडत होतं. डाव्या कोपऱ्यातली एक स्वच्छ कुंडी मी घेतली. एका पानावर झऱ्याचं गार पाणी, तसंच थेंब थेंब. दुसऱ्यावर तेच पाणी, पण उन्हात ठेवून कोमट झालेलं. तिसऱ्यावर टोमॅटोचं औषध. कुंडी शेल्फच्या खाली लपवली आणि आईला सांगितलं की तिकडे झाडू मारू नको, तपास चालू आहे.

"तपास," आई म्हणाली. "तपासाने भांडी घासली जातात का?"

गुरुवारी शाळेतून मी चालत आले नाही, उडत आले.

औषधाच्या पानावर पांढरट थर होता. बोटाने पुसला, खाली पान हिरवं. कोमट पाण्याच्या पानावर काहीच नाही. आणि गार पाण्याच्या पानावर, जिथे जिथे थेंब पडला होता तिथे तिथे, फिकट पिवळं वर्तुळ.

तापलेल्या पानावर गार पाणी. बस, एवढंच. विष नव्हतंच कधी.

मी तिथेच जमिनीवर बसले, कारण काल मागे सारलेला संशय आता समोर उभा होता. झऱ्याचं पाणी, ते गार असेपर्यंत लगबगीने खाली आणलेलं. जाड पानांची जुडी. दारात उभं राहून हाताने भिरकावलेले थेंब, जवळ दाट, लांब विरळ, आणि डावा कोपरा कोरडा, कारण उजव्या हाताचा फटकारा तिथपर्यंत पोचत नाही. हे कुणी झाडं मारायला करत नाही. भांडण थंड करायला असंच करतात.

आमच्या वाडीत थंड करायची विद्या दोनच घरांत आहे. एक शेकिगेंदा आजोबांचं. ते सोमवारी मुहेझाला होते.

स्वयंपाकघराच्या बाहेर खिळ्याला भोपळ्याचा तुंबा टांगलेला असतो. मी जाऊन त्याला हात लावला. आत ओल होती.

६

संध्याकाळी शेकिगेंदा आजोबांना मी एवढंच म्हटलं, "पानाकडे बघितलं."

त्यांनी वेलदोड्यांची टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाले की थंड करणाऱ्याचं नाव भांडण विझेपर्यंत कुणी घ्यायचं नसतं. घेतलं तर भांडण त्याच्याच घरात शिरतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना तसं शिकवलं होतं, आणि माझ्या आजोबांनी माझ्या बाबांना.

"म्हणून तुम्ही पाणी घालवणार?"

"तुझा बाप माझ्याही घरासाठी शिंपडत होता, पोरी. दोन्ही बाजूंना. मी कसं बोलणार?" मग त्यांनी मला खालून वर पाहिलं. "ते पाणी झाडांना बाधतं हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नसणार."

मला माहीत होतं की नसणार. बाबांना झाडाची खुर्ची करता येते, झाडं वाढवता येत नाहीत.

घरी ताटं वाढली होती. उगाली आणि घेवड्याची भाजी. उद्याच्या बैठकीत काय बोलायचं याची आई मनात उजळणी करत होती, ओठ हलत होते. मी जेवणाच्या चटईवर दोन पानं ठेवली. एक नारिंगी देठाचं, एक वर्तुळांचं.

"आई, हा देठ तुझ्या खताने कुजला. काठावरची पांढरी खपली बघ. मवाजाबू ताईने सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस."

आईने तोंड उघडलं. मी थांबले नाही. थांबले असते तर मागच्या वर्षीची सिकुधानी परत आली असती.

"आणि बाबा, हे वर्तुळ गार पाण्याचं आहे. झऱ्याच्या. मी स्वतः करून बघितलं."

बाबांनी हात पुसला. त्यांनी पान उचललं, कंदिलापाशी धरलं, उलटवलं. सुतार फळीची चीर बघतो तसं खूप वेळ बघितलं. आई त्यांच्याकडे बघत होती. मग तिने दाराबाहेर टांगलेल्या तुंब्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पँटच्या कडांकडे.

"तुम्ही?" ती म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी. त्यांच्यासाठीही," बाबा म्हणाले. "तू रात्री झोपत नव्हतीस."

आईने बाबांच्या हातातून ते पान घेतलं आणि मांडीवर ठेवलं. ती रडेल की ओरडेल ते मला कळेना. बहुतेक तिलाही कळत नव्हतं. शेवटी ती मला म्हणाली की हे घरातलं घरात राहू दे, म्हाताऱ्यावरची तक्रार ती उद्या गुपचूप मागे घेईल. बाबांनीही मान हलवली. नाव घेतलं तर भांडण घरात शिरतं, ते म्हणाले.

"बाबा, ते आपल्याच घरातून निघालंय," मी म्हटलं. "विष हा शब्द गावभर झालाय. गुपचूप मागे घेतलेला शब्द कुणाला ऐकू जात नाही. आजोबा तुमच्यासाठी गप्प बसून आपलं पाणी घालवायला निघालेत."

मग मी उभी राहिले, सभागृहात राहते तशी.

"मी ठरवलंय. उद्या बैठकीत मी जाणार, आणि ही दोन्ही पानं घेऊन सगळ्यांसमोर उभी राहणार. तुम्ही दोघं आधी बोललात, तर मी नुसती पानं धरीन. नाही बोललात, तर मी बोलेन."